लातूर गंजगोलाईजवळचं वरच्या मजल्यावरचं दुकान, लिनक्सवाल्यांनी नक्की जावं

मी झेडपीच्या शाळेवर शिक्षक आहे, पोरांसाठी विज्ञानाचे छोटे व्हिडिओ ब्लेंडर ह्या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतो, त्यासाठी पीसीत एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड टाकलंय अन् सिस्टिम विंडोजऐवजी लिनक्स मिंट. मे महिन्यात लाईट सारखी जायली, पीसी चालू केला की घड्याळ दरवेळी मागं, म्हणून घराजवळच्या एका दुकानात मदरबोर्डचा सेल बदलून आणला. घरी येऊन लावलं तर स्क्रीनवर सगळं मोठ्ठं मोठ्ठं दिसायलं, १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना, माऊस अडकत अडकत, ब्लेंडरच्या सेटिंगात कार्डाचं नावच नाही. परत त्याच दुकानात नेलं तर उभ्या उभ्या बघून म्हणले कार्ड गेलं, नवं घ्या, अन् ते लिनक्स काढा सर, विंडोज मारून देतो. पैसे साठवून साठवून घेतलेलं कार्ड हो ते, पोटात गोळाच आला.

मग शाळेतल्या सरांनी ह्या दुकानाचं सांगितलं. इथल्या दादांनी स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाही, आधी टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडलं. एलएसपीसीआय ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी कमांड मारली तर त्यात कार्ड दिसलं, म्हणले सर कार्ड जिवंत आहे, घाबरू नका, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लोड होईना झालाय. मग ड्रायव्हर हातानं लोड करायला मॉडप्रोब एनव्हिडिया केलं तर एरर आला, 'की रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे चावी नाकारली. तिथंच त्यांनी विचारलं, सेल कधी बदलला? सेल काढला की बायोसच्या (मशीन सुरू होतानाच्या) सेटिंगा कंपनीच्या मूळ जागी जातात, त्यात सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय, परत चालू झाली होती. माझा ड्रायव्हर डीकेएमएस ह्या टूलनं माझ्याच मशीनवर तयार झालेला, त्याच्यावरची सही ज्या चावीची ती चावी सिक्युअर बूटला माहीतच नव्हती, मग ते आत कशाला घेईल.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी परस्पर सिक्युअर बूट बंद करून टाकलं नाही. बंद करू का चावी नोंदवू, असं मला विचारलं. दुसऱ्या डिस्कवर पोराचं विंडोज ११ आहे म्हणून चालूच ठेवा म्हणलं. मग मोकुटिल ह्या कमांडनं चावी इम्पोर्ट केली, एक पासवर्ड माझ्याकडूनच टाईप करून घेतला, रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येती तिथं एनरोल मॉक (चावी नोंदवा) निवडून तोच पासवर्ड. ती स्क्रीन थोडेच सेकंद थांबती, बटण दाबायचं राहिलं तर मशीन तसंच पुढं जातं अन् परत पहिल्यापासून करावं लागतं, हे त्यांनी आधीच बजावलं. रिस्टार्ट झालं, कार्डाची माहिती दाखवणारी एनव्हिडिया एसएमआय कमांड मारली, कार्डाचं नाव आलं, आन डोळ्यात पाणी यायचंच राहिलं.

घेतले ३०० रुपये. सगळ्या कमांडा वहीत लिहून दिल्या, का केलं ते पण सांगितलं, असं समजावून सांगणारं माणूस मला तरी आजवर भेटलं नव्हतं.

कमी एवढीच की पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, अन् जिना लई अरुंद. दुपारी २ ते ४ बंद असतं, सकाळीच जावा. नुसता कॅबिनेट न्या, मॉनिटर त्यांच्याकडं आहे.