बोटीवरचं हातपंपाचं टॉयलेट: पंप चांगलाय, पण पाइपाकडे बघा

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो पंपासाठी नाही, सोबत जो माहितीचा कागद येतो त्यासाठी, त्यात बसवायचं कसं ते चित्रांसकट आहे पण तुंबू नये म्हणून काय करायचं ते दोन ओळीत उरकलंय, आणि लोकांना हवं असतं नेमकं तेच.

माझ्याकडे आहे ते दांडा खाली दाबून पिरगळला की लॉक होणारं मॉडेल. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण ह्या टाइपचे पंप आतून बरेचसे सारखेच, एक पिस्टन, खाली एक फ्लॅप, वर समुद्राचं पाणी आत घ्यायचा व्हॉल्व आणि मागे बाहेर जायच्या तोंडाशी जोकर व्हॉल्व, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारं रबर. लॉक ही फार कामाची गोष्ट आहे, काम झालं की पिरगळून ठेवायचं म्हणजे बोट हेलकावे खाताना पाणी आपोआप बाउलमध्ये चढत नाही. पण लॉक आहे म्हणून सीकॉक (बोटीच्या तळाशी पाणी आतबाहेर जायचे बंद करता येणारे नळ) उघडे ठेवून झोपू नका हां, टॉयलेट पाण्याच्या पातळीखाली असेल तर सायफन लागून बोटीत पाणी भरू शकतं, अशाने बोटी बुडाल्यात.

आता तुंबण्याचं. पहिलं कारण, लोक दांडा कमी मारतात. बाउल स्वच्छ दिसला की झालं असं प्रत्येक पाहुण्याला वाटतं, पण बाउलमधून गेलं म्हणजे बोटीतून गेलं असं नाही ना, ते पाइपात बसलंय. बाहेर जाणारा पाइप साधारण 38 मिमीचा असतो, त्याच्या एका मीटरमध्ये 1.1 लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे तीन मीटर पाइप असेल तर साडेतीन लिटरच्या आसपास पाणी ढकलल्याशिवाय शेवटपर्यंत काही पोचत नाही. वर सायफन मोडायला जो उंच वळसा दिलेला असतो तो ओलांडायच्या आधी तुम्ही थांबलात तर मधलं सगळं घसरून परत जोकर व्हॉल्वच्या पाठीशी येऊन बसतं आणि तिथेच वाळतं. एकदा बादलीने मोजून बघा तुमच्या पंपाचा एक झटका किती पाणी काढतो, मग आकडा काढा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही, लाजतात तरी किंवा विसरतात तरी.

दुसरं कारण क्षार, आणि खरा शत्रू हाच. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की पाइपाच्या आत पांढरट करडा थर धरायला लागतो. आमचा जुना पाइप काढून कापला तेव्हा आत अंगठा कसाबसा जाईल एवढंच भोक राहिलं होतं, बाकी सगळा दगड, नखाने खरवडला तरी निघेना. जोकर व्हॉल्वचंही तेच, ते बदकाच्या चोचीसारखं मऊ रबर असतं, पाणी पुढे जाऊ देतं आणि मागे आलं की मिटतं, पण चिरेच्या कडांवर क्षार बसला की ना ते नीट उघडत ना नीट मिटत. ओळखायचं कसं? टॉयलेट वापरून ठेवलं आणि थोड्या वेळाने बाउलमध्ये घाण पाणी हळूहळू परत आलेलं दिसलं की समजायचं जोकर गेला. स्वच्छ पाणी चढत असेल तर मात्र आत येणाऱ्या बाजूचा व्हॉल्व बघायचा.

उपाय साधं पांढरं व्हिनेगर. बाउलमध्ये ओतून तसंच ठेवण्यात अर्थ नाही, दोनचार झटके मारून पाइपात पोचवायचं आणि रात्रभर राहू द्यायचं, महिन्यातून एकदा केलं तरी फरक पडतो. थर फारच जाड असेल तर व्हिनेगर पुरत नाही, पाइप काढून बाहेर नेऊन सिमेंटच्या जमिनीवर आपटायचा, आतले पापुद्रे सुटून पडतात, घाणेरडं काम आहे पण नवीन पाइप ओढण्यापेक्षा सोपं. ब्लीच टाकू नका, रबराची वाट लागते, आणि ॲसिडच्या क्लीनरबरोबर किंवा व्हिनेगरबरोबर ब्लीच गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो, बोटीवरच्या त्या एवढ्याशा खोलीत हा अजिबात खेळ नाही.

टॉयलेट पेपरचं म्हणाल तर पातळ एकपदरी कागद चालतो, खात्री करायची तर बाटलीत पाणी आणि कागद घालून हलवा, लगदा झाला तर ठीक, तुकडे तसेच राहिले तर तो कागद डब्यात टाकायचा. ओले वाइप्स, पॅड, दात साफ करायचा दोरा, केस ह्यातलं काहीही नको, वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. दोरा तर जोकरच्या चोचीत असा गुंडाळतो की सोडवताना तोंडातून चांगले शब्द निघत नाहीत.

दांडा जड जायला लागला तर जोर लावू नका. आधी बाहेरचा सीकॉक उघडा आहे का बघा (हसू नका). घाण साठवायची टाकी लावलेली असेल तर तिची हवेची नळी तुंबली असेल, हवा जायला जागा नसली की पंप टाकीवर दाब देत बसतो. दांडा जड आहे पण बाउल व्यवस्थित रिकामा होतोय, तर फक्त सिलिंडर कोरडा पडलाय, उघडून सिलिकॉन ग्रीस लावा. आणि दांडा दाबला की उसळून वर येत असेल तर पुढे नक्की अडकलंय, तिथे ताकद दाखवली तर क्लिपमधून पाइप सुटतो आणि मग काय होतं ते तुमच्या कल्पनेवर सोडतो.

वासाबद्दल तक्रार खूप लोक करतात आणि दोष टॉयलेटला देतात. बऱ्याचदा तो वास आत येणाऱ्या नळीत कुजलेल्या समुद्राच्या पाण्याचा असतो, बोट बंद ठेवून जायच्या आधी बाउलमध्ये गोडं पाणी ओतून ते पंप करतात त्याने बाहेर जाणारा पाइप धुतला जातो, पण आत येणारी नळी तशीच राहते, तिच्यातही गोडं पाणी ओढून घ्यावं लागतं. तरी वास राहिला तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पाइपावर गुंडाळा, गार झालं की फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला म्हणजे पाइपातून वास झिरपतोय, तो बदलायलाच हवा.

इलेक्ट्रिकवालं घ्यावं का असं विचारतात. बटण दाबलं की पाती सगळं बारीक करतात, पाहुण्यांना सोपं, पण आवाज भरपूर, बॅटरी खातं आणि दोरा किंवा वाइप अडकला तर पाती जाम, मग समुद्रात मध्येच स्क्रू उघडत बसा. हातपंप एका स्क्रूड्रायव्हरने खुलतो, माझं मत तरी तिकडेच.

रबराचं सर्व्हिस किट मात्र पंपाबरोबरच घेऊन ठेवा, वर दोन सुटे जोकर व्हॉल्व जास्तीचे. मागवताना मॉडेल नंबर बघून मागवा, जुन्या आणि नव्या मॉडेलचे पार्ट बाहेरून सेम दिसतात पण बसतीलच असं नाही.