१८ गेजची सेमी-ऑटोमॅटिक बायोप्सी गन: पोटातल्या गाठींसाठी कशी आहे?

तपासणीसाठी सुईने गाठीचा तुकडा काढायच्या या गनचा खरा गुण एकच, पण मोठा. दट्ट्या मागे ओढून गन भरायची, सुई गाठीच्या कडेला टेकवायची, अंगठ्याने आतली सळई पुढे सरकवायची. सळईवरची खाच गाठीत नेमकी कुठे बसली ते सोनोग्राफीवर दिसतं. पटलं तरच आणखी दाबायचं. खट् आवाज येतो, बाहेरची नळी खाचेवरून सरकते आणि तुकडा कापला जातो. टोक तिथून पुढे जात नाही. महाधमनीला (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला) चिकटलेल्या लिम्फ नोडजवळ (लसीकाग्रंथीजवळ) हे फार मोलाचं. पूर्ण ऑटोमॅटिक गनचं टोक चाप दाबल्यावर २ सेंटिमीटर पुढे झेपावतं.

मात्र गाठ दगडासारखी कडक असेल तर ही गन कमी पडते. सळई आत घुसत नाही, वाकते, नाहीतर ओमेंटमची (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याची) सैल गाठच पुढे पळते. अशा वेळी ऑटोमॅटिकच बरी.

सोबत १७ गेजची (गेजचा आकडा लहान, तितकी सुई जाड) कोएक्सियल सुई, म्हणजे गनची सुई जिच्यातून आत-बाहेर करता येते ती बाहेरची पोकळ सुई, जरूर घ्यावी. एकाच छिद्रातून ३-४ तुकडे निघतात. दर वेळी तिचा कोन जरासा बदलायचा, नाहीतर दुसऱ्या खेपेला त्याच बिळातून नुसतं रक्त येतं. गाठीचा मधला भाग सडलेला असेल तर कडेचाच तुकडा घ्या. दोन्ही सुया एकाच कंपनीच्या हव्यात. लांबी जुळली नाही तर खाच कोएक्सियलच्या आतच राहते आणि हाती काही लागत नाही. यकृतात कोएक्सियल सुई फार वेळ ठेवू नये. श्वासाबरोबर यकृत हलतं, सुई हलत नाही आणि आवरण फाटतं.

गन एकदाच वापरायची. काटकसर म्हणून पुन्हा निर्जंतुक केलेली गन बोथट होते, पेशी चिरडतात. लिम्फोमात (लसीकाग्रंथींच्या कर्करोगात) असा तुकडा असून नसल्यासारखा.

तुकडा निघाल्यावर होणारी चूक गनची नसते. तुकडा कोरड्या गॉजवर पुसू नका, चिकटून तुटतो. सुईची खाच थेट फॉर्मॅलिनच्या (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत हलवा. पांढरट तुकडा बुडाला तर ठीक, पिवळसर तुकडा तरंगला तर बहुधा चरबी. १० टक्के फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान १० पट. पण टीबीची शंका असेल तर एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) होत नाही. गोव्याच्या टोकांवरच्या काणकोण-पेडण्याहून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) पाठवायचा सलाइनमधला तुकडा त्याच दिवशी, थंड पेटीतून गेला पाहिजे. म्हणून चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीच्या आदल्या दिवशी ही बायोप्सी ठेवूच नये.

आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या आत, प्लेटलेट ५०,००० च्या वर हव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवाव्यात. अ‍ॅड्रिनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) गाठ असेल तर आधी मेटानेफ्रिनची (अ‍ॅड्रिनॅलिनपासून बनणाऱ्या द्रव्याची) तपासणी, मगच सुई. फिओक्रोमोसायटोमाला (अ‍ॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं सोडणाऱ्या गाठीला) सुई लागली तर रक्तदाब टेबलावरच आभाळाला भिडतो.

पाचपैकी चार. एक गुण कडक गाठींपायी कापला.