इंजिन ‘साफ’ करणारी बाटली : एक फसवणूक

स्वस्त पेट्रोल भरणाऱ्या वाहनमालकांना गाठून, दर सर्व्हिसिंगच्या वेळी त्यांच्या टाकीत एक बाटली ओतण्याचा जो धंदा काही गॅरेजांमधून चालतो, त्यात माझी फसवणूक झाली. तिचा तपशील मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण या प्रकारात विकणारा सरसकट खोटे बोलत नाही; तो निम्मे खरे सांगतो आणि त्या निम्म्याच्या आधाराने उरलेले खपवतो.

खरे काय, ते आधी सांगतो. स्वस्त आणि महाग पेट्रोलमधला फरक बहुधा मूळ इंधनात नसतो. डेपोवर टँकर भरताना त्यात कोणते डिटर्जंट (इंजिनात थर साचू न देणारे रसायन) आणि किती मिसळले जाते, यात तो असतो. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये किमान प्रमाणात डिटर्जंट घालणे बंधनकारक आहे, पण ते प्रमाण अपुरे ठरत असल्याचे सांगून बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या उत्पादकांनी २००४ मध्ये ‘टॉप टिअर’ नावाचे अधिक कडक मानक आणले. तिथल्याच ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत, सुमारे ४,००० मैलांच्या वापरानंतर, हे मानक न पाळणाऱ्या पेट्रोलमुळे इंजिनात सरासरी १९ पट अधिक थर साचल्याचे आढळले. गॅरेजमधल्या विक्रेत्याने मला नेमके हेच आकडे ऐकवले होते, आणि मी नंतर पडताळून पाहिले तेव्हा ते बरोबर निघाले. म्हणूनच त्याच्या पुढच्या बोलण्यावर शंका घेण्याचे कारण दिसले नाही.

पुढचा भाग प्रात्यक्षिकाचा होता. काउंटरवर काचेचा एक ग्लास, त्यात बाटलीतला केशरी द्रव आणि पकडीत धरलेला एक जुना इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणारी झडप. व्हॉल्व्हच्या मानेवर काळा, खरखरीत थर जमलेला होता. तो द्रवात बुडवल्यावर थोड्याच वेळात तपकिरी रेघा सुटून तळाकडे उतरू लागल्या आणि वर काढून फडक्याने पुसल्यावर खालचा धातू चमकला. पाहणाऱ्याचे समाधान व्हावे असाच हा देखावा असतो. त्यात लपवलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे प्रमाण. ग्लासात द्रव निव्वळ होता. टाकीत मात्र ३०० मिलिलिटरची बाटली ४५ लिटर पेट्रोलमध्ये जाते, म्हणजे १५० भागांत एक भाग. शिवाय तेलकट थरावर निव्वळ सॉल्व्हंट ओतला तर त्यातला बराचसा भाग सुटतोच. त्यासाठी कोणतेही खास संशोधन लागत नाही.

यापेक्षा मोठी लबाडी अशी, की तो व्हॉल्व्ह माझ्या प्रकारच्या इंजिनाचा नव्हताच. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते, त्यामुळे पेट्रोलमधले डिटर्जंट व्हॉल्व्हवरून वाहत जाऊन तो धुऊ शकते. माझ्या गाडीचे इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे आहे. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शिरते आणि व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला त्याचा स्पर्शही होत नाही. तिथे साचणारा थर मुख्यतः क्रँककेसमधून (इंजिनाच्या तळाच्या, तेल असलेल्या भागातून) परत येणाऱ्या तेलाच्या वाफेचा असतो, आणि टाकीत काहीही ओतले तरी ते तिथवर पोहोचत नाही. गाडीची सर्व्हिसिंग करणाऱ्या गॅरेजला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. बाटलीने ऑक्टेन (पेट्रोल अवेळी पेटण्याला किती विरोध करते याचे माप) ‘तीस पॉइंट’ वाढतो, असेही सांगण्यात आले होते. या धंद्यातला पॉइंट म्हणजे ऑक्टेन क्रमांकाचा दहावा भाग, तेव्हा तीस पॉइंट म्हणजे जेमतेम तीन. आणि ऑक्टेनचा इंजिनाच्या स्वच्छतेशी काही संबंध नाही, हे वेगळेच.

त्यानंतर बाटली दर सर्व्हिसिंगच्या बिलात आपोआप येऊ लागली. ‘इतर साहित्य’ अशा मोघम नावाखाली ती लावली जात असल्याने, विचारल्याशिवाय ती दिसतही नसे. काही काळाने गाडी उभी असताना इंजिन थरथरू लागले, चढावर पिकअप पडू लागला. याची तक्रार केली तेव्हा मिळालेले उत्तर वाचकांनी नीट लक्षात ठेवावे, असे मला वाटते, कारण या बाटल्या विकणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी ते तयार असते : ‘आत साचलेली घाण आता सुटू लागली आहे, म्हणून सुरुवातीला असा त्रास होतो, आणखी एक बाटली टाकली की गाडी सुरळीत चालेल.’ या उत्तरापुढे ग्राहकाला बोलायला जागाच उरत नाही. गाडी चांगली चालली तर श्रेय बाटलीचे, बिघडली तर बाटली काम करत असल्याचा तो पुरावा, आणि दोन्ही परिस्थितींत उपाय म्हणजे पुढची बाटली.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरने मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा, कोड दाखवला, तेव्हा मी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने स्पार्क प्लग काढून टेबलावर ओळीने मांडले. नीट जळणाऱ्या इंजिनात प्लगच्या टोकाशी असलेल्या चिनी मातीवर फिकट करडा किंवा तपकिरी रंग दिसतो. इथे चारही प्लगवर विटकरी लाल रंगाची एकसारखी पूड बसली होती. नखाने खरवडली तरी ती पूर्ण निघत नव्हती. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, की टाकीत काय टाकता. असा लाल थर लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो, तापल्यावर त्यातून वीज वाहते आणि ठिणगी प्लगच्या टोकावर पडण्याऐवजी त्या थरावरून निसटते, असे त्याने समजावले. मग इनटेकमधून कॅमेरा आत सोडून व्हॉल्व्ह दाखवले. त्यांवर काळ्या तेलकट गुठळ्या जशाच्या तशा होत्या. त्यांचा उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनाकडे हवा नेणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करणे. आणि तो शेवटी करावाच लागला.

बाटलीवर घटकांचे एकही नाव नव्हते, फक्त ‘विशेष सूत्र’ एवढेच छापलेले होते. उत्पादकाकडे सेफ्टी डेटा शीटची (घटक आणि धोके सांगणाऱ्या माहितीपत्रकाची) लेखी मागणी केल्यावर, दोन-तीन स्मरणपत्रांनंतर, ती आली. तिच्यानुसार द्रवाचा बहुतांश भाग रॉकेलच्या कुळातल्या पेट्रोलियम डिस्टिलेटचा होता आणि त्यात थोडे फेरोसीन, म्हणजे लोखंडाचे संयुग, मिसळलेले होते. ऑक्टेनचा दावा आणि प्लगवरची लाल पूड, दोन्हींचा उगम त्यातच. राख सोडणारी धातूची संयुगे पेट्रोलमध्ये असू नयेत, अशी भूमिका वाहन उत्पादकांनी त्यांच्या ‘वर्ल्डवाइड फ्युएल चार्टर’मध्ये घेतलेली आहे. ज्याच्या नावाने बाटली विकली गेली, त्या डिटर्जंटचा यादीत उल्लेखही नव्हता.

इंधनात मिसळायची सगळीच रसायने बोगस असतात, असे मी म्हणत नाही. पॉलीइथरअमाइन हा घटक पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवरचे आणि ज्वलनकक्षातले थर खरोखर काढतो, कारण तिथल्या उष्णतेतही तो आपले काम करण्याइतका टिकतो. स्वस्त पेट्रोल नेहमी वापरणाऱ्याने हा घटक स्पष्टपणे छापलेली बाटली गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने वापरली, तर त्यात गैर काही नाही. पण मला विकलेल्या बाटलीत तो नव्हता.

गॅरेजमालकाला मी शीट आणि प्लग दाखवले, तेव्हा त्याने बाटलीवरच्या ‘पर्यावरण संस्थेकडे नोंदणीकृत’ या ओळीवर बोट ठेवले. अमेरिकेत इंधनातल्या ॲडिटिव्हची (मिसळायच्या रसायनांची) तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे अशी नोंदणी कायद्याने करावीच लागते. तिचा अर्थ संस्थेने उत्पादनाची परिणामकारकता तपासली किंवा त्याची शिफारस केली, असा होत नाही, हे ती संस्थाच सांगते. बऱ्याच वादानंतर शेवटच्या बाटलीचे पैसे परत मिळाले. आधीच्या बाटल्या, नवे प्लग आणि व्हॉल्व्हची सफाई यांची जबाबदारी घ्यायला त्याने साफ नकार दिला, कारण बिलांवर बाटलीचे नाव कुठेच नव्हते आणि ‘इतर साहित्य’ म्हणजे नेमके काय, हे आता सिद्ध करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

ग्राहक तक्रारीत माझ्याकडून ग्राह्य धरले गेले ते एवढेच : दुसऱ्या मेकॅनिकचा सहीचा अहवाल, जुने प्लग, आणि बॅच क्रमांक वाचता येईल अशी एक न उघडलेली बाटली. बदललेले प्लग मेकॅनिक सहसा लगेच भंगारात टाकतो, म्हणून ते मागून घ्यावेत, आणि बिलात प्रत्येक बाटली नावानिशी लिहून दिल्याशिवाय सही करू नये.