स्वस्तातला मोरचूद आणि खाली पडलेली सुपारी : मुंबईतून गावी औषध पाठवणाऱ्यांनी वाचा

आपल्यातले बरेच जण मुंबईत नोकरी करतात आणि गावच्या बागेचं खत-औषध इथून घेऊन लक्झरीच्या डिकीत टाकून पाठवतात, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. आमची पोफळीची बाग सावंतवाडी तालुक्यात, बघतो मोठा भाऊ, आणि मे महिन्यात बोर्डोसाठी, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या फवारणीच्या मिश्रणासाठी, मोरचूद (कॉपर सल्फेट) पाठवायचं काम माझं, मी कांजूरमार्गला. इतकी वर्षं मस्जिद बंदरच्या एका ठरलेल्या दुकानातून पक्क्या बिलाने घ्यायचो.

यंदा आमच्या गाववाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक एजंट आला. कोणी अ‍ॅड केला ते अजून कोणी कबूल करत नाही. "थेट कंपनीचा माल, कोकणातल्या शेतकरी बांधवांसाठी खास रेट, मुंबईत डिलिव्हरी फ्री" असा मेसेज, आणि भाव बाजारापेक्षा किलोमागे चांगला ऐंशी-नव्वद रुपये कमी. सोबत व्हिडिओ, ग्लासात मोरचुदाचं पाणी, त्यात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा बुडवला आणि वर काढला तर तांबूस झालेला. "बघा दादा, तांबं चढलं, प्युअर." ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मागून सहा-सात घरांनी मिळून ऑर्डर दिली.

आता ह्या खिळ्याबद्दल आधी सांगतो कारण सगळी गोम तिथेच आहे. पाण्यात तांबं असलं की लोखंडावर चढतं हे शंभर टक्के खरं. पण ते थोडं असलं तरी चढतं! पोत्यात अर्धा हिराकस मिसळलेला असला तरी खिळा लालच होणार. म्हणजे व्हिडिओ खोटा नव्हता, माल खोटा होता. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, मोरचुदापेक्षा कितीतरी स्वस्त, हिरवट निळसर खडे, बारीक करून मिसळले की पटकन ओळखू येत नाहीत.

माल टेम्पोने भांडुपला आला, साध्या पांढऱ्या गोणीत. गोणीवर नाव नाही, बॅच नाही, काही नाही. बिल मागितलं तर "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी धरून रेट वाढेल दादा, कच्चं देतो ना", आणि पैसे यूपीआयने एका बाईच्या नावावर. त्याच रात्री गोण्या गावी गेल्या.

दोन दिवसांनी भावाचा फोन, "अरे मेल्या, ह्यो कसलो रंग? बोर्डो आकाशी होवक व्हयो, ह्यां शेणकाल्यासारख्यां दिसता." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात भिजवायचं, मग चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी ढवळत ओतायचं, छान आकाशी निळा रंग येतो आणि त्याच दिवशी मारून संपवायचं. आमचं मिश्रण मळकट हिरवट झालं आणि पिंपाच्या कडेला थोड्या वेळाने गंजासारखी तांबडी साय धरली. ते लोखंड बोलत होतं. एजंटला फोन केला तर म्हणे चुना जुना असेल, पाणी जड असेल. पाडेली आलेले, आभाळ भरून आलेलं, पोफळीवर चढणारी माणसं परत कधी मिळतील ह्याचा नेम नाही, फवारणी झाली.

ह्या धंद्यात फसवणं इतकं सोपं का आहे ते नीट समजून घ्या. बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराइड, मॅन्कोझेब ही सगळी स्पर्शजन्य, म्हणजे कॉन्टॅक्ट बुरशीनाशकं. झाडाच्या आत जात नाहीत, पानावर-फळावर थर बसतो आणि बुरशीचं बीज तिथे रुजायच्या आधीच मरतं. रोग आत शिरल्यावर मारून काही उपयोग नाही. म्हणून कोळेरोगासाठी, म्हणजे कोवळी सुपारी गळवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी आणि दुसरी साधारण ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून करतात. म्हणजे औषध खरं असलं तर काय दिसतं? काहीच नाही, सुपारी घडावर राहते. आणि खोटं असलं तरी फवारल्या दिवशी काहीच दिसत नाही. कळतं जुलैमध्ये, आणि तोवर एजंटकडे तयार उत्तर असतं, पाऊस जास्त झाला, औषध धुऊन गेलं. धुऊन जातं हे खरंही आहे, नवीन वाढीवर थर नसतो हेही खरं, म्हणूनच तर ही थाप पचते. कीटकनाशकात किडे मेले नाहीत तर दुसऱ्या दिवशी माणूस दुकानदाराची कॉलर धरतो, इथे तसं होत नाही.

जुलैत कोवळी हिरवी सुपारी खाली पडायला लागली, देठाशी पाणी सुटल्यासारखे डाग, वर पांढरी बुरशी. पाऊस शेजारच्या बागेतही तेवढाच. तिथे मोरचूद गावच्या सहकारी सोसायटीतून घेतलेला, आणि गळ आमच्या मानाने नगण्य. हे म्हटल्यावर एजंटचा सूर बदलला, म्हणाला माल बदलून देतो, ह्याहून भारी वस्तू आहे, पावसात पण टिकते.

ती भारी वस्तू म्हणजे दुसरी फसवणूक. चंदेरी पाऊच, त्यावर हिरवं पान, "ऑरगॅनिक फंगस कंट्रोल", आत फिकट निळी पावडर. भाऊ म्हणाला मारूया का, मी म्हटलं थांब, फोटो पाठव. पाऊचवर नोंदणी क्रमांक नाही, उत्पादन परवाना नाही, विषाची तीव्रता दाखवणारा चौकोनातला रंगीत त्रिकोण नाही, विषबाधा झाली तर उतारा काय ते नाही, आत माहितीपत्रक नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि बुरशीनाशकंही त्यातच येतात, त्यामुळे बुरशी मारतो म्हणून विकायचं तर हे सगळं छापावंच लागतं. "ऑरगॅनिक", "बायो", "टॉनिक" असे शब्द टाकून हे लोक त्यातून सटकायला बघतात. जैविक बुरशीनाशकं खरोखर असतात, ट्रायकोडर्मा घ्या, पण त्यांच्या पाकिटावरही नोंदणी क्रमांक असतो.

उरलेला मोरचूद भावाने पिशवीत भरून मुंबईला पाठवला आणि भाच्याने कॉलेजच्या लॅबमध्ये बघितला. पद्धत सोपी आहे. चिमूटभर पाण्यात विरघळवायचा आणि वरून अमोनिया थेंब थेंब टाकत राहायचा. चोख मोरचूद असेल तर आधी फिकट निळा साका येतो, मग तो विरघळून पाणी गडद निळंशार होतं. आमच्यात निळं झालं, पण तळाला मळकट हिरवा गाळ राहिला आणि हलवत राहिल्यावर तो तपकिरी झाला. अमोनियाचा वास नाकात जातो, खिडकी उघडी ठेवून करा.

तक्रारीचं सांगतो. तालुका कृषी कार्यालयातले साहेब चांगले बोलले, पण त्यांचा निरीक्षक विक्रेत्याकडचा सीलबंद माल ताब्यात घेऊन प्रयोगशाळेत पाठवतो, आणि इथे ना दुकान ना परवाना ना गोदाम. फोडलेल्या गोणीवरून केस उभी करणं कठीण, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, बिल कुठे? पैशाच्या व्यवहाराची तक्रार १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदवली आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही, तिथे विक्रेत्याचा पत्ता मागतात, आमच्याकडे फक्त मोबाइल नंबर, तोही आता बंद.

त्यामुळे घेताना एवढं तरी बघा की बिलावर विक्रेत्याचा परवाना क्रमांक आणि मालाचा बॅच नंबर आहे का, आणि पाकिटावरचा बॅच तोच आहे का. सुटं किंवा दुसऱ्या पिशवीत भरलेलं बुरशीनाशक घेऊच नका, मुंबईत बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी शंभर-शंभर ग्रॅमच्या झिपलॉकमध्ये मॅन्कोझेब म्हणून पिवळी पावडर विकतात ती पण ह्यातच आली. मोरचूद असेल तर पाडेली सांगायच्या आधी बादलीभर बोर्डो करून रंग बघा, आणि गोणीतला थोडा काचेच्या बरणीत बाजूला ठेवा.

आमच्या सहा-सात घरांपैकी दोघांनी अजून तक्रार केलेली नाही, "जाऊ दे रे, थोडेच पैसे" म्हणून. बाकीच्यांचे अर्ज एकत्र करून पुढच्या आठवड्यात परत पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तुमच्याही ग्रुपवर कोणी खिळ्याचा व्हिडिओ टाकून कच्च्या बिलावर मोरचूद विकला असेल तर त्या मेसेजचा आणि यूपीआय पावतीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आमच्यासोबत या, एका नंबरविरुद्ध जास्त तक्रारी असल्या की बँक खात्याची चौकशी लवकर लागते असं तिथल्या हवालदारांनीच सांगितलंय.