भर पावसात सायकल आणि कोकणातल्या चार फेरीबोटी

कोकणातल्या फेरीबोटींबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं गाडीवाल्यांनी लिहिलेलं. रांग किती होती, गाडीला ओरखडा आला का, वरच्या डेकवरून फोटो कसे येतात. आषाढात दोन पिशव्या लादलेली सायकल घेऊन धक्क्यावर उतरणाऱ्या बाईच्या कामाचं त्यात काहीच नसतं. म्हणून हे लिहिते आहे. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार फेऱ्या मी उत्तरेकडून दक्षिणेकडे केल्या. एकटीनं, साध्या लोखंडी सायकलवर, जुलैमध्ये.

निकाल आधीच सांगते. बोट चोख आहे, धक्क्याचं काही सांगता येत नाही.

बोटी नसत्या तर पावसाळ्यात हा रस्ता सायकलनं करायचा विचारही मी केला नसता. कोकणची किनारपट्टी नकाशावर सरळ दिसते, पण दर थोड्या अंतरावर एक खाडी आत घुसलेली. पूल नसेल तर महामार्गापर्यंत मागं जायचं आणि पलीकडच्या काठानं परत खाली यायचं. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, वाशिष्ठीच्या मुखाएवढंच काय ते अंतर. रस्त्यानं मात्र दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायचं, म्हणजे शंभराच्या वर किलोमीटर. गाडीवाल्याचे दोन-तीन तास जातात, माझा दिवस जातो आणि वर ट्रकांच्या चाकांखालचा चिखल तोंडावर बसतो. सुवर्णदुर्ग शिपिंगनं दाभोळची ही सेवा २००३ साली सुरू केली. सायकलवाल्यांसाठी तो विचार कुणी केला नसेल, पण खरा फायदा आमचाच झाला.

आता बोटीत चढण्याबद्दल, कारण गाडीवाले यावर काहीच लिहीत नाहीत. बोट धक्क्याला लागते ती तोंडानं, आणि पुढचा लोखंडी फाळका साखळ्यांवर खाली येतो. भरती असेल तर फाळका धक्क्याच्या उतारावर जवळजवळ सपाट बसतो, सायकल हातानं ढकलली की काम झालं. ओहोटीला गोष्ट वेगळी. उताराचा जो भाग एरवी पाण्याखाली असतो तो उघडा पडतो आणि त्यावर हिरवं शेवाळ. त्यात पाऊस. पॅडलला अडकणारे बूट घालून येणाऱ्यांनी ते इथं काढून पिशवीत टाकावेत आणि सरळ रबरी चप्पल घालावी, कारण त्या बुटांच्या तळाला लोखंडी पट्टी असते आणि शेवाळावर ती क्षणभरही धरत नाही. मी दोन्ही ब्रेक दाबून, सायकल अंगाला टेकवून, तिरकी तिरकी उतरत असे. चारही ठिकाणी खलाशातलं कुणीतरी न सांगता पुढं आलं. बागमांडल्याला एका पोरानं मागची पिशवी अशी काही पकडली की मला वाटलं आता तुटणार, तुटली नाही. 'सोडा ताई, मी धरलीय' म्हणाला आणि सायकल एकट्यानं वर चढवली.

गाड्या चढायच्या आधी सायकल घ्यावी की नंतर, यावर खलाशांचं एकमत नाही. मला विचाराल तर नंतर. आधी चढलात तर तुम्हाला पार पुढच्या कोपऱ्यात ढकलतात आणि मग उतरताना सगळ्या गाड्यांचा धूर खात उभं राहायचं. शेवटी चढलं की जिन्याच्या खालच्या कठड्याला काथ्याच्या दोरीनं बांधून देतात. दोरी आपली असेल तर उत्तम. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी बोट हलते, थोडीथोडकी नाही, आणि नुसत्या स्टँडवर उभी केलेली सायकल शेजारच्या बुलेटवर जाऊन पडते. त्या बुलेटवाल्याशी नंतर काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

बाकी बोटीवर सुख आहे. वरच्या डेकला छप्पर असतं, पण वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे त्या बाजूचे बाक ओलेच. खाली इंजिनाच्या खोलीची बाहेरची भिंत गरम लागते. हातमोजे आणि पायमोजे तिथं टेकवून ठेवायचे. दिघीची फेरी त्यातल्या त्यात लांब, तेवढ्यात मोजे वाळत नाहीत पण निदान थंड तरी राहत नाहीत.

सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटलं ते बाणकोटच्या खाडीत, म्हणजे बागमांडला–वेसवीच्या फेरीत. सावित्री महाबळेश्वरातून येते, आणि जुलैत येते ती जांभ्याची सगळी माती घेऊनच. खाडीत मधोमध एक रेघ दिसते, अलीकडं विटेच्या रंगाचं पाणी, पलीकडं करडं, आणि बोट त्या रेघेवरून जाताना एका बाजूच्या लाटा लाल, दुसऱ्या बाजूच्या राखाडी. किनाऱ्यावर होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे धक्क्याला एरवीचा गोंगाट नाही, वास नाही. पाण्यात अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब उभे आहेत. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून रेवस–रेडी सागरी मार्ग होणार म्हणून ऐकतोय. शेजारच्या आजी त्या खांबांकडं हात करून म्हणाल्या, 'माझ्या नातवाचं लगीन व्हयल तवा व्हयल.' मग मला न्याहाळून, 'आणि तू गो बाय, एकटीच? घरात कुनी नाय?' घरात सगळे आहेत म्हटलं. त्यांना ते जास्तच विचित्र वाटलं.

तक्रारीचं बोलते. चारांपैकी एका धक्क्यावर, कुठल्या ते लिहीत नाही, मी पत्र्याच्या शेडखाली दुपार काढली. खिडकी बंद, माणूस जेवायला. फलकावरचा फोन नंबर उन्हापावसानं पुसलेला, शेवटचे तीन आकडे अंदाजानं लावायचे. बोट पलीकडं उभी दिसतेय पण निघत नाही. का, ते सांगायला कुणी नाही. वडापावच्या टपरीवाल्याकडून कळलं की बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागलाय, वारा उतरल्याशिवाय हलणार नाहीत. ते योग्यच, वादळी वाऱ्यात बोट न सोडणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, उलट भरवसाच वाढतो. पण मुक्कामाची सोय बघायची असलेल्या माणसाला हे टपरीवर का कळावं? आणि बोट निघाल्यावर त्याच ठिकाणी माझ्याकडून मोटरसायकलचं भाडं घेतलं. सायकलचा दर आहे असं म्हटल्यावर 'सामान आहे ना' हे उत्तर. रक्कम एका वड्याचहाची, पण हा कसला हिशेब? तेच सामान घेऊन बाकी तिन्हीकडं सायकलचंच तिकीट फाडलं होतं.

सुट्टे पैसे ठेवा. ओल्या बोटांनी फोनचा पडदा चालत नाही आणि खाडीत रेंजही येते-जाते. नोटा प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशव्यांचं म्हणाल तर महागडं जलरोधक कव्हर पहिल्याच घाटात हरलं. त्याच्या आत धुतलेली खताची गोणी घातली, त्यानं शेवटपर्यंत साथ दिली.

बोटींचा एक उपयोग कुणी सांगत नाही, तो ब्रेकचा. प्रत्येक खाडीला उतरताना सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, खाली सोडावं लागतं आणि पलीकडं लगेच तेवढंच चढायचं. धोपाव्याला उतरून गुहागरकडं निघालात की बसल्या बसल्या अंग गार पडलेलं असतं आणि समोर चढ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि रस्त्यावर येणारं पाणी जांभ्याचे कण घेऊन येतं. रिमला धरणाऱ्या ब्रेकचं रबर त्यात पॉलिश पेपरवर घासल्यासारखं झिजतं. बोटीवरचा वेळ मी त्यासाठीच वापरला. बाटलीतल्या गोड्या पाण्यानं रिम धुवायची, रबरात रुतलेले खडे पिनेनं काढायचे, चेन पुसून दोन थेंब तेल. हेच काम रस्त्याच्या कडेला पावसात करून बघा. जयगडच्या बोटीवर एक खलाशी बघत बघत शेजारी बसला आणि इंजिनाचं ग्रीस देऊ का म्हणाला. नको म्हटलं. वाळू चिकटते त्याला.

जयगडनंतर मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, आणि रत्नागिरी ओलांडली की भाट्ये, पूर्णगड, जैतापूर सगळीकडं पूलच. तिथं बोटीची वाट बघायची नाही, पण मोजे वाळवायला गरम भिंतही नाही.

दाभोळला पाचपैकी पाच. बागमांडला–वेसवीलाही पाच, त्यातला एक त्या पोराला. दिघी आणि जयगडच्या फेऱ्याही पाण्यावर असेपर्यंत निर्धास्त. त्या अनामिक धक्क्याला तीन, तेही खलाशांमुळे. आणि चारही चालवणाऱ्यांना एवढंच: दरफलकावर सायकलची ओळ ठळक रंगवा, आणि बावटा लागला की खिडकीला खडूनं लिहिलेली एक पाटी अडकवा. टपरीवाल्याला त्याची भजी तळू द्या.