बावीवरची मोटर बदलली, सात महिने झाले

गुहागरला आमचं घर समुद्राला लागून, पाठीमागे माड-पोफळीचं आगर. बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, कठड्यावर एक एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेली) मोटर होती. गेल्या वर्षी मे महिन्यात ती नुसती हूंऽऽ करायची, फिरायची नाही. प्लग काढून मागचं कव्हर उघडलं, पंखा हाताने फिरवून पाहिला, तर सहज फिरला. म्हणजे शाफ्ट जाम नव्हता, संशय कपॅसिटरवर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग). तेवढ्याच क्षमतेचा (मायक्रोफॅरडचा) नवा घातला आणि मोटर लगेच सुरू झाली. पण आठवड्याभरात जळका वास आला. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, गेलं होतं. ते परत भरून घ्यायला बावीसशे रुपये गेले.

खरी कारणं वायरमन दादांनी दाखवली. संध्याकाळी सातला मीटर लावला तर व्होल्टेज १७०. व्होल्टेज इतकं पडलं की मोटरचा सुरुवातीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. मग ती अडते, करंट जास्त ओढते आणि तापते. दुसरं, दोरीला दगड बांधून पाणी मोजलं तर कठड्यापासून २८ फूट खाली. वर बसवलेला पंप साधारण २५ फुटांपलीकडून पाणी खेचू शकत नाही, हवेच्या दाबाची मर्यादाच तेवढी. आम्ही मात्र फूटव्हॉल्व्हला (पाइपच्या खालच्या टोकाच्या झडपेला) दोष देत रोज बादलीने पाणी भरत बसलो.

पावसाळ्यात बाव तुडुंब, तेव्हा कसलाच त्रास नव्हता. नोव्हेंबरमध्ये शिंपणं सुरू केलं आणि मोटरच्या अंगाला हात लागताच आईला झिणझिण्या आल्या. ती ओल्या पायांनी, अनवाणी उभी होती. खाऱ्या हवेने अर्थिंगची तार हिरवी पडून तुटलेली, आत वाइंडिंगचं इन्सुलेशनही गेलेलं. त्या दिवशी मी मेन बंद केला आणि ठरवलं, आता दुरुस्ती नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना कळकळीने सांगतो: झिणझिण्या आल्या तर एक दिवसही थांबू नका.

नवीन घेतला तो एक एचपीचाच, ओपनवेल सबमर्सिबल. पाण्यात बुडूनच राहतो, त्यामुळे खेचायची भानगड नाही, पाणी वर ढकलायचं एवढंच काम. पाण्याने भरलेल्या वाइंडिंगची मोटर आहे, म्हणून सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरावं लागतं. हे दुकानात कुणी सांगितलं नाही, पुस्तिकेत वाचलं. पाइप, केबल, पॅनल, नवं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) धरून अठरा हजारांच्या आसपास खर्च आला.

यंदाचा मे निभावला, आणि तोच खरा कस होता. टाकी पूर्वी पाऊण तासात भरायची, आता पंचवीस मिनिटांत. आवाज अजिबात नाही. पॅनलवरच्या व्होल्टमीटरचा काटा २०० च्या खाली असला की आई बटण दाबत नाही. शिंपणं आता पहाटे साडेपाचला, तेव्हा काटा २२५ वर स्थिर असतो.

उणीव एकच, पण मोठी. बिघाड झाला तर मोटर वर ओढायला दोन माणसं लागतात. एप्रिलमध्ये जाळीत पालापाचोळा अडकला तेव्हा शेजारच्या काकांना हाक मारावी लागली. मोटर नायलॉनच्या जाड दोरीला बांधा, केबलला लटकवू नका. तळापासून दोन-तीन फूट वर ठेवा, नाहीतर गाळ ओढते. पाणी आटल्यावर कोरडी फिरू नये म्हणून फ्लोट स्विच या दिवाळीपर्यंत बसवणार आहे. तो सुरुवातीलाच घ्यायला हवा होता.