घरी येणाऱ्या लॅक्टेशन कन्सल्टंट (बाळाला अंगावर पाजायला शिकवणाऱ्या ताई), सिझेरियन असेल तर नक्की बोलवा (कोथरूड, पुणे)

बाळंतपणाच्या खर्चात हा खर्च कोणी धरतच नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा. एका व्हिजिटचे पंधराशे, पण ताई घाईत नसतात, चांगला दीड तास बसल्या.

माझं सिझेरियन, आणि हॉस्पिटलमध्ये पहिल्याच रात्री नर्स वाटीत पावडरचं दूध घेऊन आली, म्हणे आईला अजून दूध आलं नाहीये. अहो पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर पुरतं आणि तेवढा चीक अंगावर असतो, पण हे तिथे सांगायचं कोणी? घरी आलो तर बाळ नुसतं निपलचं टोक ओढायचं, चिरा पडल्या, मी रडतेय, बाळ रडतंय आणि घरात सगळ्यांचं एकच, हिला दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा.

ताईंनी आधी फक्त बघितलं. मग फुटबॉल होल्ड शिकवला, म्हणजे बाळ काखेखाली घ्यायचं, टाक्यांवर भार येत नाही, आणि तोंड मोठं उघडलं की निपलभोवतीचा काळा भाग जास्तीत जास्त आत जाईल असं जवळ ओढायचं. दुखणं त्याच दिवशी कमी झालं.

पण खरं काम त्यांनी हॉलमध्ये बसून केलं. सासूबाई आणि आई दोघींना बोलावलं, कोणाला चूक न ठरवता समजावलं की बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पिणारच, आठवड्याचं झालं की दिवसात ६ तरी लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय म्हणजे दूध पुरतंय. वरचं दिलं की बाळ अंगावर कमी ओढतं, मग दूधही कमी तयार होतं. ६ महिने पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर अजिबात नाही. सासूबाई म्हणाल्या आमच्या पोरांना तर गुटी दिली की. ताई म्हणाल्या काकू, आहळिवाची खीर करा, डिंकाचे लाडू करा, पण ते हिला, बाळाला काही नको. तेव्हापासून रात्री पाजून झालं की सासूबाईच बाळाला घेऊन ढेकर काढतात, मला झोप मिळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ महिन्यांच्या आतली ६३.७ टक्केच बाळं निव्वळ अंगावरच्या दुधावर होती, आणि जन्मल्यावर तासाभरात पाजलेली तर फक्त ४१.८ टक्के. इतक्या सगळ्या आयांना दूधच नसतं असं मला नाही वाटत, पहिल्या आठवड्यात जवळ बसून दाखवणारं कोणी नसतं.

अर्धा स्टार कापला कारण नोकरीवर परत जाण्याबद्दल फार थोडं बोलल्या. काढलेलं दूध बाहेर ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, एवढंच. २६ आठवड्यांची रजा कायद्यात आहे पण कॉन्ट्रॅक्टवाल्यांना प्रत्यक्षात कुठे मिळते, त्यांना पंपिंगचं नीट टाइमटेबल हवं असतं. रात्री व्हॉट्सअ‍ॅपला रिप्लाय पण येत नाही. गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातच फोन करून ठेवा, रविवारी त्या येत नाहीत.